फंक्शनला मागची व्हॅल्यू लक्षात कशी ठेवायला लावायची?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. पायथन शिकतेय, एका ठिकाणी अडकलेय.

तापमानाच्या सेन्सरकडून दर सेकंदाला एक रीडिंग येतं. ते फार वरखाली होतं, म्हणून प्रत्येक नवं रीडिंग जसंच्या तसं न घेता जुन्या सरासरीत थोडं थोडं मिळवायचं आहे. सूत्र असं: जुनी सरासरी + ०.२ × (रीडिंग − जुनी सरासरी). जुनी २० असताना ३० आलं तर उत्तर २२, पुन्हा ३० आलं तर २३.६. गणितात काही अडचण नाही. अडचण फंक्शनमध्ये आहे. (सगळ्यांना वाचता यावं म्हणून कीवर्डही देवनागरीत लिहितेय.)

जुनी = २०.०

डेफ सरासरी_काढ(रीडिंग):
    जुनी = जुनी + ०.२ * (रीडिंग - जुनी)
    रिटर्न जुनी

हे चालवलं की अनबाउंड लोकल एरर येते. पण त्याच फंक्शनमध्ये नुसतं प्रिंट(जुनी) एवढंच ठेवलं तर २०.० व्यवस्थित छापलं जातं. आणि वर प्रिंट, खाली असाइनमेंट असं लिहिलं तर एरर प्रिंटच्या ओळीवरच येते! खालची ओळ अजून चाललेलीसुद्धा नसते, मग वरच्या ओळीला ती कशी कळते?

'ग्लोबल जुनी' लिहिल्यावर चालायला लागलं. पण सगळीकडे 'ग्लोबल वापरू नका' असं वाचते, आणि का वापरू नये ते नीट कुणी सांगत नाही. शिवाय आता दुसरा सेन्सर जोडायचा आहे. योग्य पद्धत कोणती?


पॉइंटरवाला

आधी एररचं बघू, कारण तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे.

पायथन फंक्शन चालवण्याआधी ते पूर्ण वाचून बाइटकोडमध्ये, म्हणजे स्वतःला चालवता येतील अशा छोट्या सूचनांमध्ये, बदलतो. त्या वेळी प्रत्येक नावाचा निकाल लागतो: हे नाव लोकल की बाहेरचं? नियम एकच. फंक्शनच्या अंगात कुठेही त्या नावाला असाइनमेंट झाली असेल आणि ग्लोबल किंवा नॉनलोकल असं सांगितलं नसेल, तर ते नाव संपूर्ण फंक्शनभर लोकल. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. असाइनमेंट कधीच न चालणाऱ्या इफमध्ये असली तरी फरक पडत नाही.

त्यामुळे तुमच्या प्रिंटच्या ओळीला 'जुनी' म्हणजे लोकल जुनी, आणि तिच्यात अजून काहीच ठेवलेलं नाही. म्हणून एरर. खालची ओळ चाललेली नसते हे खरं, पण ती वाचून झालेली असते.

हा बाइटकोड दाखवणारं डिस नावाचं मॉड्यूल आहे, त्याला तुमचं फंक्शन द्या. नुसता प्रिंट असताना 'जुनी'साठी लोड ग्लोबल ही सूचना दिसेल. असाइनमेंट घातली की तिच्या जागी लोड फास्ट जातीची सूचना येते. लोकल व्हेरिएबल नावाने शोधली जात नाहीत, प्रत्येकाला एक ठरलेला क्रमांकित खण असतो. म्हणून ती जलद असतात, आणि म्हणूनच कोणतं नाव लोकल हे आधीच ठरवावं लागतं.


हळूहळू

छान समजावलंत. एक पुस्ती जोडतो, कारण यात बरेच जण घोटाळतात. बाहेरची यादी असेल आणि फंक्शनमध्ये यादी.अपेंड(५) केलं तर ग्लोबल लिहावं लागत नाही. तिथे नावाला काही नवं बांधलेलं नसतं, नावाने जी वस्तू सापडली तिच्यातच बदल केलेला असतो. पण यादी = यादी + [५] लिहिलंत, किंवा नुसतं यादी += [५] जरी लिहिलंत, की ती असाइनमेंट झाली आणि वरचा नियम लागू झाला.


निळी_शाई

माझ्या मते या धाग्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. ते सुटे केले की पुढचं सगळं सोपं जातं.

एक प्रश्न: हे नाव कुठून दिसतं? हा स्कोप.
दुसरा: ही व्हॅल्यू कधीपर्यंत जगते? हे आयुष्य.

साध्या लोकल व्हेरिएबलमध्ये दोन्हींची उत्तरं जुळतात. फंक्शनच्या आतूनच दिसतं आणि फंक्शन संपलं की जातं. ग्लोबलमध्येही जुळतात, सगळीकडून दिसतं आणि प्रोग्रॅम संपेपर्यंत राहतं. त्यामुळे शिकताना वाटतं की दिसणं आणि टिकणं ही एकच गोष्ट आहे. तुम्हाला हवं आहे ते तिसरंच: फक्त आतून दिसावं, पण दोन कॉलच्या मध्ये टिकावं. ग्लोबल लिहिताना तुम्हाला हवा होता टिकाऊपणा, आणि त्यासोबत न मागता सगळ्या फाइलला दर्शन मिळालं. 'ग्लोबल नको' या सल्ल्यामागचं खरं कारण हे आहे. त्या व्हेरिएबलमध्ये चुकीचा आकडा दिसला की तो कुणी लिहिला हे शोधायला फाइलची प्रत्येक ओळ संशयित ठरते.

हे दोन प्रश्न सर्वात स्वच्छ वेगळे दिसतात ते सी भाषेत. फंक्शनच्या आत स्टॅटिक लिहून व्हेरिएबल घेतलं की ते स्टॅकवर (चालू कॉलच्या तात्पुरत्या जागेत) राहत नाही, ग्लोबल व्हेरिएबल जिथे असतात त्याच डेटाच्या भागात जातं. सुरुवातीची व्हॅल्यू एकदाच मिळते, दिली नाही तर शून्य. पुढचा कॉल येतो तेव्हा मागचीच व्हॅल्यू तिथे असते. आयुष्य ग्लोबलचं, स्कोप लोकलचा.


कोरा_कागद

हे वेगळं करून कुणी सांगितलंच नव्हतं, खूप आभार. मग पायथनमध्ये स्टॅटिक नाही का? तेच वापरलं असतं.


निळी_शाई

नाही. आणि असतं तरी तुमच्या दुसऱ्या सेन्सरला त्याचा उपयोग झाला नसता. कागदावर करून पाहा. एक सेन्सर खोलीत आहे, त्याचं रीडिंग २० च्या आसपास. दुसरा मोटरला लावलेला, ८० च्या आसपास. एकच फंक्शन, आत एकच 'जुनी', सुरुवात २० पासून:

मोटर ८० → ३२
खोली २० → २९.६
मोटर ८० → ३९.६८

खोलीचं तापमान २९.६ आणि मोटरचं ३९.६८. दोन्ही आकडे धादांत खोटे, आणि एरर एकही नाही. स्टॅटिकने व्हेरिएबल लपलं, पण ते अजूनही एकच आहे. तुम्हाला प्रत्येक सेन्सरमागे एक हवं.

हा नुसता शिकवणीतला मुद्दा नाही, सीच्या स्टँडर्ड लायब्ररीतच याचं ठळक उदाहरण आहे. एसटीआर-टोक हे फंक्शन मजकुराचे तुकडे पाडतं. पहिल्या कॉलला मजकूर द्यायचा, पुढच्या कॉलना नल द्यायचं. आपण कुठपर्यंत आलो हे ते स्वतःच्या पोटात लक्षात ठेवतं. आता बाहेरच्या लूपमध्ये ओळी तोडा आणि आतल्या लूपमध्ये प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर तोडा. आतला कॉल बाहेरच्याची खूण पुसतो, आणि बाहेरचा लूप पहिल्या ओळीनंतरच आटोपतो. यावर पॉसिक्समध्ये (युनिक्स-जातीच्या सिस्टिमच्या मानकात) जे उत्तर आलं ते म्हणजे त्याच नावाला शेवटी आर जोडलेलं भावंड. त्यात एक जास्तीचा पॉइंटर असतो, 'कुठपर्यंत आलो' ते त्या पॉइंटरमध्ये ठेवलं जातं आणि तो पॉइंटर कॉल करणाऱ्याचा असतो. दोन लूप, दोन पॉइंटर, भांडण संपलं.


सातवी_ओळ

पायथनमध्ये डीफॉल्ट पॅरामीटरची युक्ती आहे की. डेफ सरासरी_काढ(रीडिंग, आठवण=[२०.०]) असं लिहायचं आणि आत आठवण[०] बदलत राहायचं. डीफॉल्ट व्हॅल्यू डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच बनते, त्यामुळे तीच यादी प्रत्येक कॉलला मिळते. झालं स्टॅटिक.


पॉइंटरवाला

चालेल, पण माझा याला स्पष्ट विरोध आहे. ही युक्ती भाषेच्या एका अशा गुणावर उभी आहे की ज्याच्यामुळे बहुतेकांचे प्रोग्रॅम बिघडतात. पॅरामीटरमध्ये रिकामी यादी डीफॉल्ट ठेवून दर कॉलला नवी यादी मिळेल असं समजणारे असंख्य आहेत. तुमचं फंक्शन वाचणाऱ्याला हे मुद्दाम केलंय की चुकून झालंय ते कळायला मार्ग नाही. वर कुणी सहज दुसरा आर्ग्युमेंट दिला तर ती आठवण गुपचूप बाजूला पडते. आणि दोन सेन्सरचा प्रश्न तसाच राहतो.


हळूहळू

सहमत. कोरा_कागद, तुमच्या कामाला क्लोजर (बाहेरच्या फंक्शनची व्हेरिएबल धरून ठेवणारं आतलं फंक्शन) अगदी चपखल बसतं. फंक्शन बनवणारं फंक्शन लिहा:

डेफ नवी_सरासरी(वजन):
    जुनी = नन
    डेफ पुढची(रीडिंग):
        नॉनलोकल जुनी
        इफ जुनी इज नन:
            जुनी = रीडिंग
        एल्स:
            जुनी = जुनी + वजन * (रीडिंग - जुनी)
        रिटर्न जुनी
    रिटर्न पुढची

खोली = नवी_सरासरी(०.२)
मोटर = नवी_सरासरी(०.५)

आता खोली(२०) आणि मोटर(८०) कितीही वेळा, कोणत्याही क्रमाने बोलवा, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. नवी_सरासरी दर वेळी चालते तेव्हा तिची स्वतःची नवीन 'जुनी' तयार होते. ती संपल्यावर एरवी 'जुनी' नाहीशी झाली असती, पण आतलं फंक्शन तिला धरून आहे. पायथन अशी व्हेरिएबल 'सेल' नावाच्या छोट्या वस्तूत ठेवतो. आतलं फंक्शन जिवंत तोवर सेल जिवंत.

नॉनलोकल विसरलात तर तुमची सुरुवातीचीच एरर परत येईल, त्याच कारणाने. हा कीवर्ड २००८ च्या पायथन ३.० मध्ये आला. त्याआधी लोक एका घटकाची यादी घेऊन तिच्यात बदल करत, जुन्या कोडमध्ये अजून दिसेल.

अजून एक. सुरुवातीला २०.० न ठेवता नन, म्हणजे 'अजून काहीच नाही', मुद्दाम ठेवलंय. २० हा आकडा तुमच्या खोलीपुरता बरोबर होता, मोटरला नव्हता. शून्यापासून सुरू केलं असतं तर २० ची खोली पहिल्या तीन कॉलना ४, ७.२, ९.७६ दाखवत बसली असती.


जिना_चढता_चढता

वाचतेय. जावास्क्रिप्टवाल्यांनाही हे लागू पडतं का? माझ्याकडे लूपमध्ये तीन बटणांना तीन फंक्शन जोडली आहेत, आणि कुठलंही बटण दाबलं तरी ३ छापलं जातं.


पॉइंटरवाला

लूपमध्ये व्हार वापरलाय ना? व्हारचा स्कोप आख्ख्या फंक्शनचा असतो, त्यामुळे तीनही फंक्शनांनी एकच व्हेरिएबल धरलेलं आहे. क्लोजर व्हेरिएबल धरतं, त्या क्षणीची व्हॅल्यू नाही. बटण दाबेपर्यंत लूप संपून ते ३ वर पोहोचलेलं असतं. व्हारच्या जागी लेट लिहा, बाकी काही बदलू नका. लेट २०१५ च्या आवृत्तीत आलं आणि फॉर लूपच्या प्रत्येक फेरीला नवं व्हेरिएबल देतं.

हा खड्डा इतक्या जणांना लागला की काही भाषांनी आपला नियमच बदलला. सी शार्पने २०१२ मध्ये फॉरईचसाठी बदलला, गोने फेब्रुवारी २०२४ मध्ये १.२२ मध्ये. चालू भाषेत लूपचा अर्थ बदलायचा हे साधं पाऊल नव्हे, त्यावरून त्रास किती होता ते कळतं. पायथनने मात्र बदललेलं नाही. तिथे लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) बनवताना व्हॅल्यू डीफॉल्ट पॅरामीटरने पकडून ठेवावी लागते. सातवी_ओळ, डीफॉल्टचा हा वापर मला पूर्ण मान्य आहे!


जिना_चढता_चढता

लेट केलं, चाललं! धन्यवाद.


रात्रपाळी

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. बॅशमध्ये फाइल पाइपमधून व्हाइल रीडला देऊन ओळी मोजतोय. लूपच्या आत प्रिंट केलं तर आकडा वाढताना दिसतो, लूप संपल्यावर ०. इथे तर लोकल वगैरे काही लिहिलेलं नाही.


निळी_शाई

अवांतर मुळीच नाही, उलट चांगलं उदाहरण आहे. बॅशमध्ये पाइपचा प्रत्येक भाग सबशेलमध्ये, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. सबशेलला तुमच्या व्हेरिएबलची प्रत मिळते. त्याने प्रत वाढवली आणि तो प्रतीसकट संपला. नाव तेच दिसत होतं, जागा दुसरी होती. पाइप काढा आणि लूपच्या शेवटी, डनच्या पुढे, फाइल रिडायरेक्ट करून द्या. लूप मग तुमच्याच शेलमध्ये चालेल. फंक्शनचं उत्तर डॉलर-कंसात घेतानाही असंच होतं, त्या फंक्शनने आत बदललेलं काहीही बाहेर येत नाही.

बॅशचा लोकलही जरा वेगळा आहे. तुम्ही लोकल केलेलं व्हेरिएबल तुम्ही बोलावलेल्या फंक्शनलाही दिसतं, आणि ते त्याला बदलूही शकतं. कोड कुठे लिहिलाय यावर नाही, कोणी कोणाला बोलावलं यावर स्कोप ठरतो. सुरुवातीच्या लिस्पमध्ये हीच पद्धत होती. १९७५ मध्ये स्कीम आली तिने लिहिलेल्या जागेवरचा स्कोप स्वीकारला, आणि आज बहुतेक भाषा त्याच वाटेने जातात.


हळूहळू

जुनं निघालंच आहे तर सांगतो. फंक्शनच्या आत टिकणारं व्हेरिएबल ही कल्पना १९६० च्या अल्गोलमध्येच होती. त्याला 'ओन' म्हणत. ब्लॉकमध्ये परत शिरलं की मागच्या वेळची व्हॅल्यू तशीच. पण पहिल्या वेळी आत काय असेल हे सांगायची सोयच दिलेली नव्हती, आणि रिकर्शनमध्ये (फंक्शनने स्वतःलाच बोलावलं तर) त्याचा अर्थ काय यावरही वाद झाले.

म्हणजे 'पहिला कॉल ओळखायचा कसा' हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. मॅटलॅबमध्ये पर्सिस्टंट व्हेरिएबल सुरुवातीला रिकामं मॅट्रिक्स असतं, रिकामं आहे का ते तपासून आपण पहिली व्हॅल्यू भरायची. पर्लने २००७ च्या ५.१० मध्ये स्टेट आणलं, त्यात असाइनमेंटची ओळ एकदाच चालते.


कोरा_कागद

क्लोजर लिहिलं, दोन्ही सेन्सर वेगवेगळे चालताहेत. फक्त 'इज नन' लांबलचक वाटलं म्हणून 'इफ नॉट जुनी' केलं. आणि आता अजून दोन गोष्टी हव्या आहेत, मधूनच सरासरी वाचायला आणि रीसेट करायला. त्या क्लोजरमध्ये कशा बसवायच्या?


पॉइंटरवाला

'इज नन' कृपया परत आणा. पायथनमध्ये ०.० हेही 'नॉट'च्या दृष्टीने रिकामंच. सरासरी बरोबर ० अंशावर आली की तुमचं फंक्शन ती पहिलीच वेळ समजेल आणि पुढचं रीडिंग जसंच्या तसं उचलेल. गोठणबिंदूच्या आसपास अधूनमधून एक उडी दिसेल आणि कारण सापडायला जीव जाईल. 'अजून काही नाही' आणि 'शून्य आहे' या दोन वेगळ्या अवस्था आहेत.

वाचणं आणि रीसेट हवं असेल तर आता क्लास करा. एकच काम असेल तोवर क्लोजर सुटसुटीत. त्याच स्थितीवर दोन-तीन कामं करायची झाली की क्लासच वाचायला सोपा, सेल्फ.जुनी म्हणून स्थिती कुठे आहे ते उघड दिसतं.


सातवी_ओळ

मी एक तिसरी वाट सुचवू का? स्थिती लपवूच नका. सरासरी_काढ(जुनी, रीडिंग, वजन) असं साधं फंक्शन ठेवा, ते नवी व्हॅल्यू परत देईल आणि ती कुठे ठेवायची ते बोलावणारा बघेल. खोली आणि मोटरसाठी एक डिक्शनरी पुरेल. चाचणी लिहिणं तर अगदीच सोपं होतं: २० आणि ३० द्या, २२ येतं का पाहा. आधी कोणते कॉल झाले होते याच्याशी संबंधच नाही. आठवण पोटात ठेवणाऱ्या फंक्शनच्या चाचण्या एकेकट्या पास होतात आणि सगळ्या मिळून चालवल्या की पडतात.


निळी_शाई

हे मला सगळ्यात पटलं. गणित साध्या फंक्शनमध्ये, आठवण छोट्या क्लासमध्ये, आणि क्लास त्या फंक्शनला बोलावेल. दोन्हींचं भलं होतं.


कोरा_कागद

तसंच केलं, इज ननसकट. रीसेटही चालतंय. शेवटचा प्रश्न: प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला की सरासरी जाते. आणि पुढे हे वेब सर्व्हरवर दाखवायचं आहे, तिथे हाच ऑब्जेक्ट चालेल?


रात्रपाळी

सर्व्हरचं सांगतो, ते रोजचं काम आहे. सर्व्हर बहुधा एकापेक्षा जास्त वर्कर प्रोसेस चालवतो. चार वर्कर म्हणजे चार स्वतंत्र मेमरी, चार वेगळे ऑब्जेक्ट. पान रिफ्रेश केलं की दर वेळी वेगळीच सरासरी दिसेल. म्हणून सेन्सर वाचणारी प्रोसेस एकच ठेवा, तिने आकडा फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये ठेवावा, वर्करांनी फक्त वाचावा. एकाच प्रोसेसमध्ये थ्रेड (एकाच मेमरीवर एकाच वेळी चालणारी कामं) असतील तर लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, लागेल, कारण जुनी वाचणं, गणित करणं आणि परत लिहिणं या तीन पायऱ्या आहेत आणि मध्येच दुसरा थ्रेड घुसू शकतो.

रीस्टार्टसाठी जेसन फाइल पुरे, पण थेट त्याच फाइलवर लिहू नका. अर्धी लिहून वीज गेली तर जुनंही जाईल आणि नवंही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा (म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर जाईल), मग ओएस.रिप्लेसने मूळ नावावर आणा. वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल मिळेल किंवा पूर्ण नवी. दर सेकंदाला लिहायची गरज नाही, मिनिटाला एकदा बास. मेमरी कार्डावर असेल तर तेही लवकर झिजणार नाही.

सरासरीसोबत तिची वेळही साठवा. दोन दिवसांनी प्रोग्रॅम चालू केलात तर परवाची सरासरी आजच्या खोलीला लावण्यात अर्थ नाही. ठरावीक मिनिटांपेक्षा जुनी असेल तर नन धरा, पहिलं रीडिंग येईल तिथून सुरू होईल.